ठिणगीची शिट्टी

डोंगरावर रूळ चढले, रुळांवर चाकं चढली, आणि चाकांच्या मागून धापा टाकत आमची गोष्ट चढली.

ठिणगीच्या गोष्टी काही थोड्या नाहीत. मधमाश्यांनी तिच्या डब्यात पोळं केलं ती एक. बोगद्यात हत्ती अडकला ती दुसरी, आणि तो हत्ती नव्हता, गवताची गंजी होती, हेही तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. नसेल सांगितलं तरी बिघडत नाही. ही गोष्ट नवी आहे, आणि ठिणगी कोण ते मी आधी सांगतोच.

ठिणगी म्हणजे आगगाडीचं इंजिन. वाफेचं, पिटुकलं, दोन डबे ओढणारं. आंबेतळापासून माचीपर्यंत जो डोंगरी रूळ जातो, त्यावरचं सगळ्यात धाकटं आणि सगळ्यात जुनं. हे दोन्ही एकदम कसं, असं विचारू नका. उंचीनं धाकटं आणि वयानं जुनं. रंग एके काळी डाळिंबाच्या दाण्यासारखा लालचुटूक होता. आता तो विटेवर आला होता, आणि जिथं पोपडे निघाले होते तिथं विटेवरही नव्हता.

आंबेतळाच्या इंजिनघरात जागा चार इंजिनांची, आणि इंजिनं होती पाच. पाचवं कोण ते तुम्ही ओळखलंच. ठिणगी बाहेर, चिंचेखाली उभी राहायची. कोळसा आला की काळीभोर चकचकीत ढेकळं ढोल्याला जायची, कारण ढोल्या सगळ्यात मोठा आणि सहा डबे ओढणारा. खाली उरला चुरा, तो ठिणगीचा. चुऱ्यावर वाफ धड धरत नाही. तरी ती रोज वेळेवर निघायची आणि कुरकुर करायची नाही; म्हणजे चाकं करायची, ती नाही.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण गेल्या थंडीत तिची शिट्टी तडकली.

आधी ती छान ‘कूऽऽऽ’ करायची. आता दोरी ओढली की ‘फुस्स’ व्हायचं, आणि तेवढ्यावरच भागायचं. तिचे ड्रायव्हर गुणाजीमामा. त्यांनी तार बांधून पाहिली, मेण लावून पाहिलं, एकदा तर आपली जुनी बंडी गुंडाळून पाहिली. फुस्स ते फुस्सच. तसली शिट्टी करणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता.

आणि डोंगराच्या रुळावर शिट्टी म्हणजे चैन नाही. वळणापलीकडं कोण चाललंय, डोक्यावर मोळी घेतलेली बाई की शेळ्यांचा कळप, ते दिसत नाही. म्हणून रेल्वेच्या बड्या साहेबांचा नवा हुकूम निघाला होता: ज्या इंजिनाला शिट्टी नाही, ते चालणार नाही. गुरुवारी साहेब स्वतः येऊन प्रत्येकाची शिट्टी ऐकणार होते.

“नापास झालीस तर काय करतील ठाऊक आहे?” ढोल्या म्हणाला होता. “बागेत उभी करतील. झोपाळ्याशेजारी. मुलं पाठीवर चढतील, आणि तुझ्या धुराड्यात माती भरून झेंडू लावतील.”

ढोल्या तसा वाईट नव्हता. त्याला फक्त गप्प बसायचं कधी ते कळत नसे.

झेंडू ठिणगीला आवडायचे. पण धुराड्यात नव्हे. पुन्हा कधी घाट चढायचा नाही, पुन्हा कधी मोरपाणी दिसायचं नाही, या विचारानं तिच्या पोटातली आग विझूविझू व्हायची.

मोरपाणी हे मधलं स्टेशन. तिथं एक बाग होती. लांबी दोन डब्यांएवढी, रुंदी एका सतरंजीएवढी. पण तीत काय नव्हतं! कर्दळीची पिवळी निशाणं, अबोलीच्या केशरी ओळी, आणि कुंपणाला लागून गुलबक्षीची दाटी. राणी रंगाची गुलबक्षी, पांढरी, पिवळी, आणि कुणीतरी रंगाचा कुंचला झटकल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची. ही बाग वेणूताईंची. त्या मोरपाण्याच्या स्टेशनमास्तर. गाडी नसेल तेव्हा हातात खुरपं, गाडी आली की डोक्यावर टोपी.

उन्हाळ्यात मोरपाण्याची विहीर आटायची. तेव्हा ठिणगी रोज तिथं थांबली की आपल्या टाकीतलं बादलीभर पाणी दगडी डोणीत सोडायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिचं पाणीही काही जास्त नव्हतं. वरचा घाट चढताना तिला त्या बादलीची आठवण यायची. पण दुसऱ्या दिवशी गुलबक्षी टवटवीत दिसली की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटण्याला तिच्याकडं दुसरं कारण फारसं नव्हतं.

आता बुधवारची गोष्ट. गुरुवारच्या आदला दिवस.

दुपारी ठिणगी आंबेतळाहून निघाली. डब्यांत बाजारातून परतणारी माणसं होती. कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतलेली सुंद्राक्का होती. मामांच्या पायाशी रोजच्यासारखा रॉकेलचा छोटा डबा होता, माचीच्या दिव्यासाठी. आणि खुंटीला टांगलेला होता गोळा.

या गोळ्याचं नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावर आहे. डोंगरावर रूळ एकच. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर काय होईल? म्हणून मोसंबीएवढा एक लोखंडी गोळा, तो चामड्याच्या पिशवीत, आणि पिशवी वेताच्या मोठ्या कडीला. आंबेतळ ते मोरपाणी एक गोळा, मोरपाणी ते माची दुसरा. ज्या गाडीकडं गोळा, तिचाच रूळ. गोळा नाही तर गाडी नाही. मग ती गाडी ढोल्याची असो, नाहीतर खुद्द बड्या साहेबांची.

मोरपाण्याला ठिणगी पोचली तेव्हा ढोल्या माचीहून येऊन शेजारच्या रुळावर उभा होता. ठिणगीनं आणलेला गोळा मिळाला की तो खाली जाणार. त्याच्या डब्यांतून नुसता कल्ला चालला होता. माचीच्या शाळेतली मुलं आंबेतळाला नाच करायला निघाली होती, आणि सगळी पाखरं झाली होती! हिरवेगार पोपट, निळे खंड्या, तपकिरी चिमण्या, आणि एक मोर. मोराचा पिसारा खिडकीतून बाहेर आला होता, कारण आत मावत नव्हता. सूर्य मावळला की तिकडं पडदा उघडणार होता.

ठिणगीनं रोजच्यासारखं डोणीत पाणी सोडलं. त्याच वेळी ऊन कलतं झालं आणि गुलबक्षी उमलू लागली. एक फूल, दुसरं फूल, आणि तिसऱ्या फुलातून कुणीतरी बाहेर आलं.

इवलीशी परी. करंगळीएवढी. राणी रंगाचा घोळदार घागरा, त्यावर पिवळे ठिपके, पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे, आणि केसांत परागाची सोनेरी धूळ. ती भिरभिरत आली आणि खुंटीवरच्या वेताच्या कडीत बसून झोका घेऊ लागली.

“ठिणगुले,” ती म्हणाली, “माझ्या फुलांना रोज पाणी कोण देतं, ते मी पाहिलं आहे. तुला एक इच्छा देते.”

ठिणगीच्या अंगातून वाफ गेली आणि परत आली. “खरंच?”

“खरंच. पण नियम आहेत हं बाळ. इच्छा एकच. जिथं रूळ संपतात तिथं मागायची, म्हणजे माचीला. चाकं थांबलेली असताना मागायची. मोठ्यानं मागायची. आणि माचीचा दिवा लागायच्या आत. दिवा लागला की मी जाते.”

“माचीचा दिवा कातरवेळी लागतो,” ठिणगी म्हणाली. “मी त्याच्या खूप आधी पोचते.”

“मग झालं तर,” परी म्हणाली.

एवढ्यात एका पोपटानं खिडकीतून मान काढली. त्यानं परीला पाहिलं असतं तर सगळी पाखरं खाली उतरली असती, आणि मग कसलं बोलणं नि कसली इच्छा! म्हणून ठिणगीनं भस्सकन वाफ सोडली. पांढरीशुभ्र, जाडजूड. फलाट दिसेना, बाग दिसेना, परी तर मुळीच दिसेना.

वेणूताई त्याच वाफेत आल्या. एका हातानं तोंडावरची वाफ वारत दुसऱ्या हातानं त्यांनी माचीचा गोळा वर दिला. मामांनी तो घेतला आणि खुंटीला अडकवला. त्यांचा चष्मा पांढरा झाला होता. जुनी कडी ताईंनी नेलीच असणार, असं मामांना वाटलं. मामांनी ती फलाटावरच्या खांबाला अडकवलीच असणार, असं ताईंना वाटलं. गडबडीत ड्रायव्हर कधी कधी तसं करायचे. एरवी इंजिन आधी आखूड शिट्टी मारायचं, ‘गोळा घ्या’ अशी, आणि मग सगळं रीतसर व्हायचं. पण शिट्टीचं तर तुम्हाला माहीतच आहे.

हिरवी झेंडी हलली. ठिणगी निघाली.

आज घाट तिला घाट वाटतच नव्हता. शिट्टी! नवीकोरी पितळी शिट्टी! उद्या साहेब कानांवर हात ठेवतील! झाडांची पालवी पोपटी दिसत होती, दगड जांभळे दिसत होते, आणि कोळशाच्या चुऱ्यालासुद्धा गुळासारखी चव आली होती. चार वळणं मागं गेली.

मग पाचव्या वळणावर काहीतरी वाजलं. खण्. खण्.

ठिणगीनं कान दिला. खण्, खण्. एका गोळ्यावर दुसरा गोळा.

खुंटीला दोन कड्या होत्या. एकीत परी बसून झोका घेत होती.

ठिणगीला सगळं एका क्षणात कळलं. खालचा गोळा इथं. म्हणजे ढोल्या मोरपाण्याला अडकलेला. म्हणजे पोपट अडकले, खंड्या अडकले, मोर अडकला. आपण उद्या सकाळी खाली जाऊ तेव्हा ते सुटणार. आणि वाफ कुणी सोडली? आपणच.

मामांना पत्ता नव्हता. ते पान लावत होते.

“परी,” ठिणगी हळूच म्हणाली, “मी आधी माचीला जाऊन इच्छा मागितली आणि मग खाली आले, तर?”

“तुझी तू ठरव, बाळ.”

“तोवर अंधार पडेल. त्यांचा नाच बुडेल.”

“बुडेल.”

“आणि आत्ताच मागं फिरले, तर माचीला उशीर होईल. दिवा लागून जाईल. नियम थोडासा सैल नाही का करता येणार?”

परीनं तिच्याकडं मायेनं पाहिलं. “तुझा गोळा सैल करता येतो का गं?”

ठिणगी आणखी एक वळण चढली. ते वळण तिनं का चढलं, हे मी सांगायला नको. धुराड्यात झेंडू लावून घ्यायची हौस कुणालाच नसते. तिला रडू येत होतं, आणि इंजिनाला रडू आलं की चाकं घसरतात. घसरत घसरत ती थांबली.

“मामा,” ती म्हणाली, “खुंटीकडं बघा.”

मामांनी चष्मा पुसला, बघितलं, आणि त्यांच्या हातातलं पान खाली पडलं. “अगं आई गं! एकतीस वर्षं झाली ठिणगे, एकतीस! कधी गोळा घेऊन पळालो नाही!”

“चूक माझी आहे. वाफ मी सोडली.”

“चूक कुणाची ते घरी जाऊन बघू. आता काय करायचं ते बोल. चालत जावं तर माझा गुडघा हा असला.”

“या रुळाचा गोळा आपल्याकडंच आहे. म्हणजे रूळ आपला. मी उलटी जाते.”

मामांनी मागं पाहिलं. सहा वळणं, एकाहून एक आंधळी. “आणि वळणावर शिट्टी?”

मग मामांनीच मुंडासं घट्ट केलं, मागच्या डब्याच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि ठिणगी हळूहळू उलटी उतरू लागली. वळण आलं की मामा दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडायचे, “कूऽऽऽ! बाजूला व्हाऽऽऽ!”

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला मामांच्या गळ्यातून आवाज निघाला तो अगदी ठिणगीच्या शिट्टीसारखा. फुस्स.

“अहो मामा,” सुंद्राक्का आतून म्हणाली, “हे काय चाललंय? गाडी उलटी का जातीय, आणि तुम्ही कोल्ह्यासारखे का ओरडताय?”

मामांनी बसक्या आवाजात सगळं सांगितलं. डब्यात थोडी कुजबूज झाली. कुणी म्हणालं, घरी उशीर होईल. कुणी म्हणालं, पोरांचा नाच आहे हो. सुंद्राक्कानं पाटी शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवली, खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि अशी काही ओरडली की समोरच्या कड्यावरचे पारवे उडाले. “कूऽऽऽऽ!”

तेवढ्यानं कोंबड्या घाबरल्या आणि त्याही ओरडल्या. मग टपालवाले ओरडले. मग मागच्या डब्यातले आजोबा, ज्यांना ऐकू येत नव्हतं, ते सगळे ओरडतायत हे बघून सगळ्यांहून मोठ्यानं ओरडले. एक तान्हं बाळ ओरडलं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

चौथ्या वळणापलीकडं रुळावर खरोखरच शेळ्या होत्या. चाळीस तरी असतील, आणि त्यांच्यामागं काठी घेतलेली एक म्हातारी. तिनं दुरूनच तो गोंगाट ऐकला आणि शेळ्या भराभर उतारावर हाकलल्या. ठिणगी जवळून गेली तेव्हा म्हातारीनं हात जोडले. सबंध वाटेत कुणाच्या केसाला धक्का लागला नाही.

मोरपाण्याला फार वाईट चाललं होतं. वेणूताई टोपी बाजूला फेकून अबोलीच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि हातांनी माती चाचपत होत्या. कडी खांबाला नव्हती, म्हणजे खाली पडली असणार. आणि ती सापडेपर्यंत ढोल्याला सोडता येत नव्हतं. पाखरं गप्प झाली होती. मोर तर रडत होता, आणि त्याचा निळा रंग हनुवटीपर्यंत ओघळला होता.

तेवढ्यात वरून आवाज आला. कूऽऽऽऽ! त्यात कोंबड्या, त्यात आजोबा, त्यात बाळ. पाखरांनी माना वर केल्या. हे काय, हे त्यांना कळलं नाही, पण गप्प कशाला राहायचं? पोपट विठूविठू करू लागले, चिमण्या चिवचिवल्या, आणि मोरानं डोळे पुसून असा टाहो फोडला की खरे मोर रानातून उत्तर देऊ लागले.

“आली गं बाई माझीऽऽऽ!” वेणूताई ओरडल्या, आणि मामांनी खाली दिलेली कडी त्यांनी मातीच्या हातांनीच छातीशी धरली. मग ती ढोल्याच्या ड्रायव्हरला दिली.

“शिट्टी गेली ती गेली, आता डोकंही गेलं का?” ढोल्या गुरगुरला. पण मग त्यानं ठिणगीच्या चाकांकडं पाहिलं. उलटं उतरून ती तापून लाल झाली होती. “सहा वळणं उलटी आलीस?” तो म्हणाला. “शिट्टीशिवाय?” त्यानं आपली जाडी शिट्टी एकदा मारली आणि निघाला.

तो वेळेवर पोचला का? नाही. पण आंबेतळाच्या मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं होतं, आणि ते संपता संपता पाखरं मंचावर उतरली. मोराच्या हनुवटीवरचा निळा रंग सगळ्यांना मुद्दाम लावलेला वाटला.

इकडं ठिणगी पुन्हा घाट चढत होती. आता घाईचं काही कारण उरलं नव्हतं. आकाश आधी केशरी झालं, मग अबोली, मग जांभळं. वळण आलं की डब्यातली माणसं आपण होऊन ओरडत होती. आता त्यांना त्याची गोडी लागली होती. ठिणगीच्या मनात मात्र साहेब होते. उद्या गुरुवार. झोपाळ्याशेजारची जागा तिनं पाहिलेली होती. तिथून रूळ दिसतच नव्हते.

“परी,” ती म्हणाली, “तू गेलीस तरी चालेल. दिवा लागला असेल.”

“बसते थोडी,” आता माचीच्या गोळ्याच्या कडीत येऊन बसलेली परी म्हणाली. “झोका छान आहे.”

शेवटचं वळण गेलं, माची आली, रूळ संपले, चाकं थांबली. आणि ठिणगीनं वर पाहिलं.

दिवा लागलेला नव्हता.

खांब होता, खांबावर हिरव्या काचेचा दिवा होता, पण काच काळोखी होती. खाली माचीचे दिवेवाले येसूनाना उभे होते, एका हातात काडेपेटी आणि दुसरा हात कमरेवर.

“काय गं ठिणगे!” ते ओरडले. “कुठं तडमडली होतीस? कातरवेळ होऊन गेली! दिवा काय पाण्यावर लावू? रॉकेल तुझ्याकडं!”

मामांच्या पायाशी रॉकेलचा डबा होता. रोजच्यासारखा. ठिणगी आल्याशिवाय माचीचा दिवा कधीच लागत नव्हता, कधी लागलाच नव्हता, आणि हे तिच्या ध्यानात कसं आलं नाही कोण जाणे. परीच्या ध्यानात होतं की नाही, तेही कोण जाणे. परी नुसती हसत होती.

येसूनानांनी डबा घेतला. झाकण उघडलं. दिव्यात रॉकेल ओतलं.

“लवकर, ठिणगुले,” परी म्हणाली.

“शिट्टी!” ठिणगी मोठ्यानं म्हणाली. “मला शिट्टी दे!”

येसूनानांनी काडी ओढली. ती विझली.

“कसली?” परीनं विचारलं. “पितळी देऊ? चांदीची? ढोल्याच्या दुप्पट?”

ठिणगीनं मागं पाहिलं. सुंद्राक्का पाटी सावरत उतरत होती आणि घसा खाकरत होती. टपालवाले आजोबांना हात देत होते. मामा पाणी पीत होते, आणि पाणीसुद्धा त्यांच्या घशातून दुखत उतरत होतं.

येसूनानांनी दुसरी काडी ओढली. ती पेटली.

“नवी नको,” ठिणगी म्हणाली. “आज होती तीच दे.”

परीनं झोका सोडला. ती वर उडाली, दिव्याच्या काचेजवळ क्षणभर थांबली, आणि येसूनानांनी वातीला काडी लावली. हिरवी काच उजळली. आधी पाचूसारखी, मग पालवीसारखी, मग त्या हिरव्यात राणी रंगाची एक लहर आली, पिवळे ठिपके चमकले, सोन्याची धूळ उडाली आणि सगळ्या माचीवर झगझगीत उजेड पडला. उजेड निवला तेव्हा दिवा नेहमीसारखा होता. वेताची कडी हलत होती, पण तिच्यात कुणी नव्हतं.

“दोरी ओढा, मामा,” ठिणगी म्हणाली.

“कशाला उगाच,” मामा बसक्या आवाजात म्हणाले. पण त्यांनी ओढली.

दुसऱ्या दिवशी बडे साहेब आले. चष्मा, घड्याळ आणि एक जाड पुस्तक. आंबेतळाला सगळी इंजिनं ओळीनं उभी होती. ढोल्याची शिट्टी झाली. पुस्तकात खूण झाली. शेवटी ठिणगीची दोरी ओढली गेली, आणि साहेबांच्या हातातलं पुस्तक मिटलं.

कूऽऽऽऽ! त्यात सुंद्राक्का होती. त्यात बहिरे आजोबा होते, टपालवाले होते, पोपट होते, रडून उठलेला मोर होता. “आली गं बाई” अशी ओढ असलेल्या वेणूताई होत्या. तान्ह्या बाळाचा शेवटचा हुंदकासुद्धा होता.

“ही कसली शिट्टी?” साहेबांनी विचारलं. “यात कोंबडी आहे का?”

“आहे साहेब,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता. “एक नाही, अकरा आहेत.”

साहेबांनी पुस्तक उघडून नियम वाचला. शिट्टी दोन वळणांपलीकडं ऐकू गेली पाहिजे, एवढंच लिहिलं होतं. कोंबड्यांविषयी काही नव्हतं. त्यांनी मोरपाण्याला फोन लावला. वेणूताई म्हणाल्या की इथं ऐकू आली. माचीला लावला. येसूनाना म्हणाले की इथंही आली, आणि दोन कोंबडे उत्तर देतायत. साहेबांनी पेन्सिल ओली केली आणि ठिणगीच्या नावापुढं लिहिलं: शिट्टी आहे.

“पुन्हा एकदा वाजवा,” ते म्हणाले. ते पुस्तकात नव्हतं.

मामांनी दोरी ओढली, आणि या वेळी त्यांनी नीट ऐकलं. सगळ्या आवाजांच्या तळाशी एक जाड, जुना, ओळखीचा आवाज होता. ‘बाजूला व्हाऽऽऽ’ म्हणणारा. घसा बसायच्या आधीचा. मामांनी मुंडासं काढलं, डोळे पुसले आणि सांगितलं की डोळ्यांत कोळशाचा चुरा गेला.

झोपाळ्याशेजारी झेंडू लावले ते शेवटी एका जुन्या पिंपात. मुलं त्यावर चढत नाहीत, पण पिंपाची काही तक्रार नाही.

अजूनही दुपार कलली, मोरपाण्याला गुलबक्षी उमलली, की ठिणगी डोणीत बादलीभर पाणी सोडते, वेणूताईंच्या हातात गोळा पडला की नाही ते दोनदा बघते, आणि मग घाटाला लागते. वळणावर शिट्टी होते. तेव्हा डोंगरात जो तो हातातलं काम सोडून दारात येतो आणि शेजाऱ्याला गप्प करतो, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकायचा असतो.

माचीला रूळ संपले, गाडी थांबली, गोष्टही उतरली. दिवा लागला, आता घरी चला.